सुरवंट

एरी सरोवराच्या काठी, बावन्न सालच्या मे महिन्यात
ट्रकमधून तुकड्यातुकड्यांनी उतरला:
अकरा फूट उंची, एकच उतार,
दोन वळणं, आणि संपलं.
माणूस चंद्रावर गेला तेव्हा
त्याला रॉकेट केलं, चंदेरी.
पोपडे निघाले. खालून हिरवाच.
पुन्हा सुरवंट.

ब्रेकच्या दांड्यापाशी लीओटा ब्रुबेकर, एकतीस उन्हाळे.
खांबावर पाटी: याहून उंच मुलांनी बसू नये.
दर मे महिन्यात ती पाटी
चार बोटं वर ठोकायची,
कुणाला न विचारता,
एका पोरासाठी.
त्याला एवढ्यात मोठं व्हायचं नव्हतं.

लिलावात रूळ भंगाराच्या भावानं गेले.
खांब कुणी नेला नाही.
खिळ्यांची भोकं, एकावर एक.
शेवटचं
माझ्या हनुवटीला लागतं.