चपलेनं रगडलेले धने

पंचफुला नागपूरला गेली, पोरीच्या बाळंतपणाला,
जाताना सांदवाडी माझ्या अंगावर टाकून.
मी मोटारी भरणारा माणूस.
वाघोडा फाट्यावर, टिनाच्या दुकानात,
तीस वर्षं जळक्या पंपांच्या पोटातून
काळी तार ओढतो, नवी गुंडाळतो.
बोटांना कायम वार्निशचा वास.
जेवताना तो वरणात उतरतो,
मग वरणात आणखी काय होतं ते कळत नाही.

फोनवर म्हणाली,
"कूलरच्या मांगं पुदिना हाये.
कूलर गळते, तेवढं त्याले पुरते."
मी तोच कूलर खोलून बसलो होतो.
पान्हा खाली ठेवला.

"अन् सांभार लावा. जुना पार फुलावर आला."
(जावई साताऱ्याचा. पहिल्या जेवणाला
‘वरतून सांभार टाकू?’ विचारलं
तर त्यानं वाटी पुढं केली होती.)
"धने डब्यातलेच घ्या. चपलेनं रगडा.
दोन फाका झाल्या पाहिजे, पीठ नाही."

गोणपाट अंथरून बसलो ओसरीत,
डाव्या पायातली चप्पल हातात.
टेकाम मास्तरांनी रस्त्यात सायकल थांबवली,
"काय मिस्त्री, इच्चू निंगाला काय?"

शेचाळीस डिग्री. वाफ्यावर तिची जुनी हिरवी साडी बांधली,
चार खिळे, चार कोपरे.
सकाळ-संध्याकाळ हातानं शिंपडलं.
पाचव्या दिवशी काही नाही.
सातव्या दिवशी एक मुंगळा.
नवव्या दिवशी टेस्टर घेऊन गेलो
आणि माती उकरून पाहिली,
करंट आहे की नाही.
एका फाकेला पांढरं शेपूट होतं, केसाएवढं.
झटकन झाकून टाकलं,
गिऱ्हाइकापुढं चुकलेला जोड झाकावा तसं.

रात्री तिनं विचारलं, "उगवला का?"
"हो."
"किती?"
"दोन बोटं."
मग ती बराच वेळ काही बोलली नाही.
"नवव्या दिवशी, दोन बोटं," एवढंच म्हणाली.

मध्ये एकदा फोडणी घातली, माझी मीच.
मोहरी तडतडली, गोडनिंबाच्या पानांनी
मनगटावर तेल उडवलं.
डब्यातली ही पानं मी रोज
बोटानं वेचून दुकानापुढं फेकायचो,
मुंग्यांना आणि धुळीला.
हिशेब केला नाही किती वर्षं.
त्या दिवशी एक चावून पाहिलं.
कडू. मग कडू नाही.

अकराव्या दिवशी सकाळी
साडीखालच्या हिरव्या उजेडात ते उभे होते,
वाकडेतिकडे,
काहींच्या डोक्यावर अजून धन्याची टोपी.
कोणाला सांगावं ते सुचेना.
पंप घ्यायला आलेल्या माणसाला दाखवले.
तो म्हणाला, "बरं. पैसे किती झाले?"

तिचा निरोप आला, बाळंतिणीला शेपू पाहिजे,
बाजारचा नको, घरचाच.
शेपू, ओव्याची पानं, गवती चहा
ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून
नागपूर गाडीच्या बोबडे कंडक्टरकडे दिलं.
सुतळी सापडली नाही,
तांब्याच्या तारेनं बांधलं,
सहा वेढे, सफाईनं, वळणाला वळण लागून.

रात्री फोन. मागं बाळ रडत होतं.
"भेटलं?"
"भेटलं. भाजीले तार बांधते काय कोणी?"
हसली असावी. बाळाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.
"गवती चहा मुळापासून तं नाही उपटला?"
"नाही. चार बोटं ठेवून कापला."
"चार?"
"मोजून."

कूलर अजून गळतो.
दुकानातून लोक घरी येतात, पाणी पितात,
खाली पाहतात, "मिस्त्री, सोताचाच कूलर?"
राहू द्या, म्हणतो,
आणि त्यांच्या मठ्ठ्यात
दोन पानं चुरून टाकतो.