प्रतिसाद : एकसष्टपैकी एकोणीस

पोर्टल रात्री अकरानंतरच नीट उघडतं.
पासवर्ड माझीच जन्मतारीख, तरी दोनदा चुकले.
मग उतरला अहवाल, सहा पानांचा,
पहिल्या पानावर बोधचिन्ह, दुसऱ्यावर मी :
संख्याशास्त्र, सत्र तिसरे, खोली चौदा.
सरासरी तीन पॉइंट चार दोन.

सरासरी मीच शिकवते त्यांना, दुसऱ्याच आठवड्यात.
सांगते, एकोणिसांवरून एकसष्टांबद्दल बोलू नये,
जे बोलले ते का बोलले, ते आधी विचारा,
गप्प बसलेल्यांना शून्य समजू नका.
परीक्षेत हा प्रश्न पाच गुणांना असतो.
तरी खिडकीशी उभी राहून
चार दोन, चार दोन, म्हणत राहिले.
पाषाणच्या बाजूला टेकडीवर चार दिवे,
ओट्यावर कुकर तसाच.
गेल्या वर्षी पाच एक होतं.

विषयाचे ज्ञान : चार पॉइंट पाच.
आवाजाची स्पष्टता : दोन पॉइंट सहा.
स्तंभ आकाशी रंगाचे, कुणीतरी आवडीनं निवडलेले.
प्रमाण विचलन ते देत नाहीत.
ते मीच काढलं, दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर,
आणि कळलं की काहींना मी फार आवडते
काहींना मुळीच नाही
आणि तीन पॉइंट चार दोन आवडते
असं वर्गात एकही माणूस नाही.

शेवटच्या पानावर शेरे.
मॅडम छान शिकवतात.
अटेंडन्सचे मार्क कापू नका.
पंखा दुरुस्त करा.
मॅम फळ्याशी बोलतात, आमच्याशी नाही.
आणि एक नुसता टिंब,
रकाना रिकामा सोडता येत नाही म्हणून टेकवलेला.

पूर्वी कागद वाटायचो.
वेलांटी कोण उलटी काढतं, पाय मोडायला कोण विसरतं,
अक्षर ओळखू यायचं. आपण ओळख दाखवायची नाही, एवढंच.
आता सगळ्यांचं अक्षर एकच, सरळ, धुतलेलं.
त्यामुळे मी सगळ्यांकडेच बघते.
फळ्याशी बोलतात, हे तू लिहिलंस का, तन्वीर?
की तू, ऋतुजा पोकळे,
रोज जिन्यापर्यंत माझं विसरलेलं डस्टर घेऊन येणारी?

खळदकर सर म्हणाले, मनाला लावून घेऊ नका,
नॅकला लागतं. कृती अहवाल द्या, दोन ओळी,
सोमवारपर्यंत.
पंख्याचा अर्ज मी तीन वर्षं देते आहे, सर.
ते वेगळं पोर्टल, म्हणाले.

सोमवारी लवकर गेले.
विद्यापीठ चौकात नेहमीसारखी अडकले, तरी लवकर.
चौदामध्ये कोंढाळकर मामा ओल्या फडक्यानं फळा पुसत होते.
अकरा वर्षं माझ्या तासाला ते दाराबाहेर स्टुलावर असतात,
मांडीवर आवक-जावकची वही.
त्यांना लॉगिन नाही.
विचारलं, मामा, माझा आवाज येतो का बाहेर?

बाहेर येतो की, म्हणाले,
पोरांकडं जात नाही. पंखा सगळा इकडं ढकलतो.
फडकं पिळलं. जरा थांबून म्हणाले,
एक सांगू का, मॅडम,
तुम्ही 'म्हणून' म्हणता
आणि फळ्याकडं वळता.
अकरा वर्षं झाली,
'म्हणून'च्या पुढं काय असतं
ते मला काय कळलेलं नाही.

तास सुरू झाला. बेचाळीस जण हजर.
एक उदाहरण मांडलं, थेंबाथेंबानं तिथवर आणलं,
म्हटलं, म्हणून
आणि वळले नाही.
पुढचं वाक्य हाताला पाठ होतं, तोंडाला नव्हतं.
खडू बोटांत, पंख्याची घरघर,
बेचाळीस चेहरे, पेनं थांबलेली.
फळा पहिल्यांदाच माझ्या पाठीशी होता.

आवाज चढवला.
दाराबाहेर स्टुलाचा पाय फरशीवर सरकला,
जरा आत.