भरतीची वाट

आम्ही त्याला ड्रॅगन म्हणत नाही.
ग्रिम्सबीत त्याला हवामान म्हणतात.
सकाळी डेन्झिल ऑक्सबी बर्फकारखान्याच्या छपरातल्या भोकातून
डोकं बाहेर काढतो, आत घेतो, सांगतो :
ईशान्येकडून दोन. एक लहान. दुपारनंतर वाढेल.
मग ठरतं, आज बटाटे खणायचे की नाहीत.

इथे शेवटचा बर्फ कधी झाला, कुणाला आठवत नाही.
पण भिंती जाड आहेत,
आणि आतली थंडी जुन्या भाडेकरूसारखी
निघायचं नाव घेत नाही.
विस्तव लावायचा नाही, हा पहिला नियम. दुसरा नाहीच.
क्लीथॉर्प्सच्या लोकांनी नाताळात एक मेणबत्ती लावली.
एकच.
आता क्लीथॉर्प्सकडे बोट दाखवायचं तर
कुठे दाखवायचं, असा प्रश्न पडतो.

चार वर्षं कच्चा बटाटा, कच्चा कोबी, कच्चा मासा.
ताकसुद्धा फुंकून प्यावं असे पोळलेले आम्ही,
आणि फुंकावं असं काही
चार वर्षांत ओठांशी आलंच नाही.

जाळं थर्झा ब्लोचं.
वय एकाहत्तर, डाव्या हाताला तीन बोटं,
बाप, नवरा, दीर, सगळे ट्रॉलरवरचे.
पोलादी दोराची गाठ कशी बसते हे ती सांगत नाही,
चुकलात की मनगटावर एक फटका देते.
अख्खा हिवाळा आम्ही अंधारात विणलं,
आणि फेब्रुवारीतल्या धुक्यात
गोदीच्या मनोऱ्यापासून मासळीबाजारापर्यंत टांगलं.

आमिष कोण, यावर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या नाहीत.
कॉरिन म्हणाला, सगळ्यात जोरात मी पळतो.
चौदा वर्षांचा. आणि खरंच पळायचा.
मशाल त्याच्या हातात मी दिली.
हे इथे लिहून ठेवते,
कारण बाकीचे म्हणतात, कुणी दिली आठवत नाही.

आधी आवाज आला : ओलं शीड फाटावं तसा.
मग उजेड, बाजाराच्या प्रत्येक खिडकीतून,
जिथे खिडक्या नव्हत्या तिथूनही.
मग दोर ताणल्याची किंकाळी,
मनोऱ्याच्या विटा,
आणि काहीतरी खूप मोठं
चिखलात बसल्याचा, जवळजवळ शरमिंदा, आवाज.

कॉरिनच्या भुवया गेल्या होत्या.
तो हसत होता. थांबवता येईना कुणाला.

ओहोटी होती. हंबरच्या गाळात ते पोटापर्यंत रुतलेलं,
एक पंख दुमडलेला, जाळं तोंडाभोवती.
भाले घुसले नाहीत. कुऱ्हाडीची धार गेली.
थर्झाने चंद्राकडे पाहिलं, आठ बोटांवर काही मोजलं,
म्हणाली, पाच तास.
आणि उलट्या होडीवर जाऊन बसली.

पहिल्या तासाला आम्ही पन्नास पावलांवर होतो.
दुसऱ्या तासाला वीसवर.
कुणी कुणाला काही बोललं नाही.
डेन्झिलने हातमोजे काढले.
लहान पोरं पेंगायला लागली, गालांवर लाली,
त्या अंगातून येणाऱ्या उबेकडे
सूर्यफुलासारखी तोंडं करून.
मी त्याच्या डोळ्यात पाहिलं नाही.
पाहिलं असतं तरी सांगितलं नसतं.

मग पाणी आलं.
आधी फुसफुसलं, मग उसळलं, मग इतकी वाफ
की मनोराही दिसेना.
खूप वेळ लागला. तेवढंच सांगते.

उजाडताना पाणी उतरलं,
तर त्याच्या कुशीभोवती गाळभर खेकडे.
उलटे. लालबुंद. शिजलेले.

कुणीच हात लावेना.
थर्झाने एक उचलला, गुडघ्यावर फोडला,
दगल्याच्या आतल्या खिशातून
चार वर्षं जपलेली व्हिनेगरची बाटली काढली,
बूच दातांनी उपटलं.

वर डेन्झिल छपरावर चढून ओरडत होता,
ईशान्येकडून एक. मोठं. नुसतंच घिरट्या घालतंय.
आम्ही ऐकलं.
कॉरिनने माझ्या हातावर एक नांगी ठेवली.
मी तिच्यावर फुंकर घातली.