काटा

ऑक्टोबरात हाच हीटर मी एकोणचाळीस पौंडांना घेतला होता.
पावती आहे. मी पावत्या जपते.
नवरा म्हणतो, कोर्टात जायचंय का तुला?

जानेवारीत हडर्सफील्डला
नळातलं पाणी नळातच थिजलं
आणि शेजारच्या विनिफ्रेड ओल्डरॉइडबाईंचा बॉयलर
दोनदा खोकून गप्प झाला.
वय एक्याऐंशी. अंगात दोन स्वेटर, वरून नवऱ्याचा कोट.
नवरा जाऊन नऊ वर्षं झाली, कोट अजून उबदार आहे म्हणतात.
"तूच मागव गं माझ्यासाठी,
मला ते बोट लावून सरकवणं जमत नाही."

उघडलं. तोच हीटर, तीच नऊ पात्यांची पांढरी पाठ.
सकाळी चौऱ्याऐंशी.
चहा टाकून परत येते तो शहाण्णव.
रात्री एकशे बारा,
आणि शेजारी एकशे साठ, लाल रेघेनं खोडलेले.
एकशे साठ होते कधी?
जी किंमत जन्मलीच नाही
तिचं श्राद्ध घालून
वर आम्हालाच जेवायला बोलावतात.

फक्त तीन शिल्लक.
मंगळवारी तीन. शुक्रवारीही तीन.
अठरा जण आत्ता हेच पाहत आहेत.
अठरातली एक मी.
दुसऱ्या ओल्डरॉइडबाई, माझ्या खांद्यावरून, चष्मा पुसत.
उरलेले सोळा कुठल्या थंडीत उभे होते, कोण जाणे.

वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो.
पाचोऱ्याला किराणा दुकान.
भाऊ काटा मारायचे.
(हे मी पहिल्यांदाच लिहितेय.)
साखर ओतताना करंगळी पारड्याच्या कडेला टेकायची,
फुलपाखरू टेकावं इतकी हलकी,
आणि काटा स्थिरावायच्या आत पुडा बांधून तयार.
रोज नाही. सणाच्या आधी,
आणि पूर आला त्या वर्षी मेणबत्त्यांचा भावही
रोज सकाळी भाऊंच्या तोंडून नवा निघायचा.
मी गुळाच्या ढेपेमागे, पोत्यावर बसलेली, नऊ वर्षांची.
"गिऱ्हाईक डाळीकडे बघतं," भाऊ एकदा म्हणाले,
"तू हाताकडे बघायला शीक."
ते समोरच्या दुकानदाराबद्दल बोलत होते.
त्याच करंगळीनं माझी फी भरली.

इथे हात दिसत नाही.
पारडं नाही, पोतं नाही, कुणाच्या कपाळावर घाम नाही.
म्हणून चार दिवस मी पडद्याचे फोटो काढले,
तारीख, वेळ, विक्रेत्याचं नाव,
खोडलेला आकडा, न हलणारे तीन,
आणि माझी जुनी पावती.
मग ग्राहकांच्या मदतीचा नंबर फिरवला.
बावीस मिनिटं व्हायोलिन.
मग एक माणूस, सर्दी झालेला, पण सावकाश ऐकणारा.
म्हणाला, नुसता भाव वाढवणं हा दरवेळी गुन्हा नसतो, मॅडम.
पण खोटी जुनी किंमत, खोटी घाई,
ते आम्ही पुढे पाठवतो.
मी म्हटलं, तेच पाठवा.
त्यानं नऊ आकडी नंबर दिला. मी तो पावतीच्याच पाठीवर लिहिला.
"तुमच्या हे लक्षात कसं आलं?"
असं त्यानं सहज विचारलं.
ओळीवर थोडा वेळ काहीच नव्हतं.
"मी दुकानात वाढले," मी म्हटलं.

सोमवारी किंमत एकशे नऊ होती.
तीन पौंडांचा न्याय. किंवा नुसता योगायोग.

हीटर मात्र बाईंकडे पोचला होता, माझाच,
शुक्रवारीच, दोघींनी मिळून बर्फातून ओढत नेलेला.
तापताना त्याचं लोखंड टिकटिक करत होतं.
बाईंनी पाकीट काढलं. "किती द्यायचे?"
बाहेर उणे सहा. गावात हीटर शिल्लक नाही.
मी दोन्ही हात टेबलावर ठेवले,
दहाही बोटं त्यांना दिसतील असे,
आणि म्हटलं, एकोणचाळीसला घेतला,
तीन महिने वापरला.
तीस द्या.