चौथा मसुदा

गवताच्या छपराखाली मंत्रिमंडळ बसलंय.
तिसरी रात्र. कॉफी संपली; सबबी अजून आहेत.

सचिव ब्यार्तुर वाचतो:
'चौकशी चालू आहे... चुका झाल्या असल्यास...'
मत्स्यमंत्री सुन्वर 'असल्यास' खोडते.
पेन कागद फाडून टेबलात रुततं.

मासेमारीचा कोटा तिच्या दिराच्या बोटीला गेला.
सही तिचीच.

पंतप्रधान म्हणतात, दोन दिवस थांब,
वारं फिरेल.
ती म्हणते, वारं माझ्या बापानं पाहिलंय,
ते फिरताना आधी दोर तुटतात.

मग कोट चढवून, मसुदा तिथेच टाकून
ती तोर्सहाव्नच्या धक्क्यावर जाते.
माणसं उभी आहेत,
हातमोजे न काढता.
कुणी ओरडत नाही, तेच जड जातं.

एक म्हातारा माशांची रिकामी पेटी
पायानं पुढे सरकवतो:
बस. आता सांग.