वाटेत

आगेऱ्याच्या रविवारी कणसं हल्ली वसईहून येतात,
टेम्पोने, ओल्या गोणपाटात.
आमच्या शेतांवर लिफ्ट वरखाली करते.
फादर तरी पाणी शिंपडतात, आम्ही तरी वाकतो;
दाणा दाणाच, कुठल्या का पत्त्यावरचा असेना.

यंदा बँडचा मोठा ढोल फाटला
आणि सिल्वेस्टर म्हणाला, बदकं लावू शर्यतीला.
प्लास्टिकची. पिवळी. वीस रुपयाला एक.
पुलावरून सोडायची, क्रुसापाशी धरायची,
पहिल्या बदकाला सायकल.
म्हणजे बदकाच्या मालकाला.

बर्था मावशीला कमी ऐकू येतं.
"चारशे बदकं? मग मोईलाला कांदे किती लागतील रे?"
आणि बाटली मसाल्याचं बूच उघडून वास घेत बसली.
आम्ही एक बदक तिच्या हातात ठेवलं.
तिने दाबलं. ते चिंऽऽ बोललं.
"याला हाडूक नाय,"
म्हणाली, आणि पदराच्या गाठीतून वीस रुपये काढले.

वॉर्ड ऑफिसात अर्ज घेऊन मीच गेले.
नांदगावकरांनी नकाशा पसरला,
चष्मा कपाळावर, चष्मा नाकावर.
"नदी कुठाय यात? नाला आहे.
नाल्यात शर्यत, असं कलम नाही.
नदी असती तर बघता आलं असतं."
मी म्हटलं, माझी आई हिच्यात चादरी धुवायची.
"असेल. पण आईचा कॉलम नाही."
मग मी 'नदी' खोडलं आणि लिहिलं, 'वाहतं पाणी'.
त्याच्याविरुद्ध काही सापडेना.
शिक्का बसला.

तीन रविवार आम्ही आत उतरलो, गमबूट घालून.
एक सोफा निघाला. एक कमोड, नवाकोरा.
सतरा चपला, सगळ्या डाव्या.
आणि क्रुसाच्या थोडं अलीकडे, गाळाखाली,
धुण्याचा दगड, मधोमध झिजून खोलगट झालेला.
सिल्वेस्टर म्हणाला, काढूया का, अडचण होईल.
मी म्हटलं, राहू दे.

अडचण झालीच.
साडेतीनला चारशे बारा बदकं पाण्यात पडली,
टॉवरच्या बाल्कन्यांतून शिट्ट्या,
कॉर्नेट जोरात, ढोल नाहीच,
आणि सगळी बदकं त्या दगडामागे जाऊन
गोल गोल फिरत राहिली,
लग्नातल्या पाहुण्यांसारखी, कुणीच आधी निघेना.
पाच मिनिटं. दहा मिनिटं.
पारेखबाई वरून ओरडल्या, पैसे परत द्या.

तेव्हा बर्था मावशी लुगडं वर खोचून काठावर आली.
तिच्या घरी एके काळी खरी बदकं होती,
संध्याकाळी ती त्यांना हाक मारायची.
तीच हाक तिने मारली:
ती ती ती ती आऽऽ, ती ती आऽऽ.
लोक हसले.
आणि बदकं हलली.

आता खरं सांगायचं तर
टॉवरच्या तळघरातला पंप रोज चार वाजता सुरू होतो
आणि साचलेलं पाणी नदीत फेकतो.
त्या दिवशी तो पावणेचारला सुरू झाला.
पंप वॉचमन रामसजीवन चालवतो.
पहिलं आलेलं बदक, नंबर दोनशे तीन,
रामसजीवनचं.
माझ्या हातात घड्याळ होतं, मांडीवर वही होती.
वहीत मी वेळेचा रकाना आखलेला नाही.
सायकलवर बसून तो पुलावरून दोनदा गेला, घंटी वाजवत,
आणि मावशी सगळ्यांना सांगत सुटली, माझं ऐकलं त्यांनी.

हिशेब असा:
जमा आठ हजार दोनशे चाळीस, सायकलीला साडेचार.
ढोलाला अजून दोन हजार कमी पडतात.
बदकं परत आली तीनशे शहाण्णव.
उरलेली सोळा क्रुसावरून, जाळीखालून,
खाडीच्या दिशेने गेली असं पोरं म्हणतात.
सिल्वेस्टर म्हणाला, 'हरवली' लिही.
मी त्या सोळा नंबरांसमोर,
निळ्या पेनाने, एकेक करून,
'वाटेत' असं लिहिलं.