निरंक

सोमवारी अकराच्या आत तक्ता वर गेला पाहिजे.
ताप, तापासोबत पुरळ, जुलाब, कावीळ,
कुत्रं चावलेले, दोन आठवड्यांवरचा खोकला.
मी केंद्रामागून केंद्राला फोन लावतो,
पलीकडून आकडा येतो, मी तो चौकटीत बसवतो.
काहीच नसलं तर लिहायचं : निरंक.
आमच्या कचेरीतला सगळ्यात स्वच्छ शब्द.

आकडा निघतो कुठून, ते मी पाहिलंय.
दोन उन्हाळे फिरलोय वरलक्ष्मी इराबत्तीच्या मागे
विडी घरकुलात, बॅटरी आणि गेरूचा डबा धरून.
पाणी चार दिवसांआड. कधी पाच.
म्हणून घरात माणसांपेक्षा भांडी जास्त :
निळा ड्रम, रंगाचा रिकामा डबा, घागरीवर घागर,
कूलरच्या पोटात मागच्या मे महिन्यातलं उरलेलं.
वरलक्ष्मी झाकण सरकवते, बॅटरी तिरकी धरते
आणि थांबते.
सावली हलली की अळ्या तळाला जातात.
जरा वेळाने बारीक स्वल्पविराम वर यायला लागतात.
"सांडा हे."
नरसव्वा पानं कातरता कातरता मान वर करते :
"सांडते की. तू भरून देतीस?"

यावर लिहायला कागदावर जागा नव्हती.
वरलक्ष्मीने कोपऱ्यातली जुनी साडी ओढली,
ड्रमच्या तोंडाला बांधली, गाठ दातांनी आवळली.
मग भिंतीवर गेरूने : तारीख, भांडी नऊ, दूषित दोन.

शेजारी मल्लेशम. भुवयांवर कापसाची लव.
जरम उन्नदा? लेदु.
खोकला? तो खोकूनच सांगतो.
किती दिवस झाले?
"मागावर बसलो तेव्हापासून."
तिने बोटांवर मोजलं. एकोणतीस वर्षं.
चौकट दोन आकड्यांची होती, पण दिवसांची.

त्यानंतरच्या ऑक्टोबरात तिच्या भागातून
लागोपाठ तीन आठवडे निरंक.
साहेबांनी आलेख उघडला. रेघ खाली उतरलेली,
एखादी बाई डोक्यावरचं ओझं ठेवायला वाकावी तशी.
सगळ्यांना चहा आला.
ते तिन्ही निरंक मीच लिहिले होते.
फोन लागत नव्हता
आणि अकरा वाजत आले होते.

चौथ्या सोमवारी तिच्या मुलीने उचलला.
आई सिव्हिलला आहे.
प्लेटलेट अठरा हजार.

पुढे एक प्रशिक्षण झालं, गार हॉलमध्ये.
पाहुण्या डॉक्टरांनी पडद्यावर युरोप लावला,
देशादेशात भरलेला त्या आठवड्याचा ताप,
फिकट पिवळ्यापासून थेट जांभळ्यापर्यंत.
तिकडे म्हणे गटाराच्या पाण्यातूनच कळतं,
माणूस अंथरूण धरायच्या आधी.
लोक उठून फोटो काढत होते.
माझी नजर कडेच्या एका देशावर. तो राखाडी.
मागून कुणीतरी विचारलं, "तिथं आजारच नाही काय सर?"
"आहे की नाही माहीत नाही," डॉक्टर म्हणाले,
"तिथून तक्ता आला नाही."
हॉल हसला.
मी चहाचा कप खाली ठेवला.
कोण असेल तिथे, कुठल्या गल्लीतली,
आणि तिचा फोन कुणी लावून पाहिला असेल का.

डिसेंबरात वरलक्ष्मी कामावर आली.
वेणी पातळ झालेली, जिना चढताना मध्ये बसली.
मी तिला काही सांगितलं नाही. डबा धरला फक्त.
नरसव्वाच्या भिंतीवर सप्टेंबरची तारीख,
तिच्याखाली कोरा चुना,
चार बोटं, पाच बोटं, कोराच.

"कुठं होतीस गं इतके दिवस?" नरसव्वा म्हणाली,
"इथं दोघी पोरी तापल्या. विचारायला कोणी आलं नाही."

वरलक्ष्मीने गेरूत काडी बुडवली.
मग माझ्याकडे पाहिलं,
"तुमच्याकडं काय लागलंय यांचं?"